बिश्केकला शिकायला येताय? हवामानाची तयारी अशी करा

नकाशा उघडा, सांगलीवर बोट ठेवा आणि सरळ उत्तरेला न्या. बारामती, मग अजमेर, पुढे लाहोर-गिलगिटच्या जवळून, काराकोरम आणि पामीरची कड ओलांडून बोट जवळजवळ रेषेत बिश्केकवर, किर्गिझस्तानच्या राजधानीवर, येऊन थांबतं. दोन्ही गावांचा रेखांश साधारण ७४.६. म्हणजे सूर्य माध्यान्हीला दोन्हीकडे एकाच वेळी येतो, फक्त किर्गिझस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. मी सांगली जिल्ह्यातली. सहा वर्षांपूर्वी एमबीबीएससाठी इथे आले, तेव्हा विमानात मला हीच गोष्ट मोठा आधार वाटत होती.

मधल्या २६ अक्षांशांनी आणि डोंगरांनी काय फरक पडतो, ते मला नोव्हेंबरात कळलं. सकाळी उठले तर उशीवर रक्ताचे डाग. घाबरून रूममेटला उठवलं, तर तिच्याही ओठांना चिरा पडलेल्या. आम्हाला कुठलाच आजार नव्हता. घरून निघताना सगळ्यांनी थंडीबद्दल सांगितलं होतं, कोरड्या हवेबद्दल एकानेही सांगितलं नव्हतं. दर वर्षी महाराष्ट्रातून नवी मुलं-मुली येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे. आई-वडिलांनीही वाचावं, कारण सामान बहुतेक तेच भरतात.

## १. आधी इथली हवा समजून घ्या

एवढा एक भाग नीट वाचलात तर पुढचं बरंचसं आपोआप कळेल.

किर्गिझस्तान जवळजवळ सगळा डोंगर आहे. तिआन शान पर्वताच्या रांगांनी देश व्यापलेला, सरासरी उंची सुमारे २,७५० मीटर, सर्वांत उंच शिखर जेंगिश चोकुसू ७,४३९ मीटर. समुद्र कुठल्याच बाजूला नाही, आणि जो आहे तो हजारो किलोमीटर लांब. आपला मान्सून हिमालय, काराकोरम, पामीर ओलांडून इथे पोचत नाही. जो काही ओलावा येतो तो पश्चिमेकडून, आणि वाटेतला प्रत्येक डोंगर त्यातला आपला वाटा काढून घेतो. सह्याद्रीच्या अलीकडे महाबळेश्वर आणि पलीकडे माण-खटाव, हे आपण पाहिलेलं आहे. इथे तसे सह्याद्री एकामागे एक उभे आहेत. फरगाणा रांगेच्या पश्चिम उतारावर भरपूर पाऊस-बर्फ पडतं, म्हणून आर्स्लानबोबला अक्रोडाची जंगलं आहेत. इस्सिक-कुल सरोवराच्या पश्चिम टोकाला बालिक्चीत मात्र वर्षाला १५० मिलिमीटरही पडत नाही. त्याच सरोवराच्या पूर्वेला काराकोलमध्ये त्याच्या कितीतरी पट. बिश्केकला वर्षाला साधारण ४५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकं, आणि तेही मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: हवेत बाष्प कमी, आकाश स्वच्छ, म्हणून जमीन दिवसा पटकन तापते आणि रात्री पटकन निवते. सप्टेंबरात दुपारी २७ अंश असतं आणि पहाटे १२. संध्याकाळी परतायचं असेल तर दुपारच्या उन्हाकडे बघून कपडे ठरवू नका.

दुसरी: उंची वाढली की थंडी वाढते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. बिश्केक साधारण ८०० मीटरवर आहे, जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली दोन-तीन अंश. नारिन शहर २,००० मीटरच्या वर आहे, तिथे जानेवारीची सरासरी उणे १५ च्या आसपास. फोनवर बिश्केकचा आकडा बघून नारिनला जायला निघणारी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरी: समुद्र नसल्यामुळे ऋतू टोकाचे. बिश्केकमध्ये जुलैत ३५ ते ४० अंश होतं, जानेवारीच्या कडक लाटेत उणे २० च्या खालीही जातं. एकाच खोलीत एकाच वर्षात तुम्हाला पंखाही लागेल आणि पुखोविकही. पुखोविक म्हणजे पिसं भरलेलं फुगीर जाकीट. हा शब्द आत्ताच पाठ करा, बाजारात लागेल.

देशाच्या दक्षिणेतल्या ओश शहरात प्रवेश मिळाला असेल तर हिवाळा बिश्केकपेक्षा थोडा सौम्य. बाकी सगळं हेच.

## २. घरून काय आणायचं, इथे काय घ्यायचं

मी येताना चार जाड स्वेटर, मावशीने विणलेली कानटोपी आणि पुण्यातून घेतलेलं एक महागडं लेदर जाकीट आणलं होतं. यातली कानटोपी कामाला आली. लेदर जाकीट उणे १० ला पत्र्यासारखं गार पडतं.

थंडीचे मुख्य कपडे इथेच घ्या. बिश्केकच्या उत्तर कडेला दोर्दोई बाजार आहे, जहाजावरचे कंटेनर एकावर एक रचून केलेला. खालच्या कंटेनरमध्ये दुकान, वरच्यात माल. पुखोविक, बूट, हातमोजे सगळं तिथे भारतापेक्षा चांगलं आणि इथल्या थंडीला साजेसं मिळतं. सोमची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत रुपयाच्या आसपासच असल्यामुळे हिशोब सोपा जातो. सीनियरला सोबत घ्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जा. पहिलं बर्फ पडलं की सगळं शहर बूट घ्यायला निघतं.

कपडे थरांनी घालायचे. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचं, सगळ्यात वर वारा अडवणारं पुखोविक. दोन थरांच्या मधली हवा आपल्याला ऊब देते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. वर्गात गरम होतं, तेव्हा एक-एक काढताही येतो.

इथे होणाऱ्या तीन चुका:

- सुती बनियन. आपली सवय आहे, पण मार्शरूतकात, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि बाहेर पडलात की छातीवर गार फडकं ठेवल्यासारखं होतं. आतला कपडा सुती नको.
- मापाचे बूट. लोकरी मोज्यासकट बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि मोजे कितीही जाड असले तरी पाय गारच राहतात. एक नंबर मोठा घ्या, तळ रबरी आणि खोल खाचांचा बघा.
- नुसती जीन्स. आत थर्मल नसेल तर मांड्या बधिर होतात.

घरून आणायच्या वस्तूंमध्ये माझ्या मते पहिला नंबर प्रेशर कुकरचा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. बिश्केकमध्ये साधारण ९७ अंशांना, तीन हजार मीटरवर ९० ला. बिश्केकमध्ये उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला वेळ लागतो, राजमा तर शिजतच नाही म्हटलं तरी चालेल. कुकरसोबत दोन जादा रिंगा आणा.

## ३. ऑक्टोबर: खरी परीक्षा

हे वाचून नवल वाटेल, पण घरातली सगळ्यात वाईट थंडी मी जानेवारीत सोसलेली नाही. ती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सोसली आहे.

बिश्केकमधल्या बहुमजली इमारतींना शहराच्या वीज-उष्णता केंद्रातून पाइपाने गरम पाणी येतं. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो, त्याला सगळे बातारेया म्हणतात. ही हीटिंग तुमच्या मर्जीने चालू होत नाही. साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला शहर ती चालू करतं आणि मार्चच्या शेवटी बंद करतं. मधे बाहेर उणे १५ असो, खोलीत २२ अंश. पण ऑक्टोबरच्या शेवटी बाहेर पहाटे शून्य आणि बातारेया गार. भिंती सिमेंटच्या, पलंग भिंतीला लागून. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा तेच होतं.

या दोन-तीन आठवड्यांसाठी:

- पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढा.
- जाड रजई आधीच घ्या, नोव्हेंबरची वाट पाहू नका.
- गरम पाण्याची रबरी पिशवी घरून आणा, झोपताना पायाशी ठेवा.
- इलेक्ट्रिक हीटर घेतलात तर एका बोर्डावर हीटर, किटली आणि शेगडी एकत्र लावू नका. जुन्या इमारतींची वायरिंग तेवढा भार सोसत नाही.

विजेबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. या देशाची बहुतेक वीज पाण्यापासून होते, आणि त्यातला मोठा वाटा नारिन नदीवरच्या तोक्तोगुल धरणाचा. नदीला पाणी येतं उन्हाळ्यात, बर्फ आणि हिमनद्या वितळल्यावर. विजेची सगळ्यात जास्त गरज हिवाळ्यात, तेव्हा नदी आटलेली. म्हणून हिवाळ्यात कधी वीज जाते, कधी दाब कमी होतो. जानेवारी २०१८ मध्ये ऐन कडाक्याच्या थंडीत उष्णता केंद्रात बिघाड होऊन शहराच्या मोठ्या भागाची हीटिंग गेली होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे पुन्हा अपघात झाला. टॉर्च, भरलेली पॉवर बँक आणि एक जादा ब्लँकेट हाताशी असलंच पाहिजे.

## ४. खोली भाड्याने घेताना विचारायचे प्रश्न

पहिलं वर्ष बहुतेक जण होस्टेलवर असतात. दुसऱ्या वर्षी बाहेर खोली बघताना सगळे भाडं आणि कॉलेजचं अंतर विचारतात. त्याआधी हे विचारा: हीटिंग केंद्राची आहे, गॅसची, विजेची की कोळशाची?

शहराच्या कडेला सुट्ट्या घरांत कोळशाची भट्टी असते. भाडं कमी असतं. आणि इथेच माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि या देशात दर हिवाळ्यात त्याने झोपेत माणसं जातात. धुराडं नीट ओढत नसेल, किंवा ऊब टिकावी म्हणून झोपताना धुराड्याची झडप लावून टाकली, तर तो खोलीत भरतो. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली तर त्याला ॲसिडिटी किंवा जागरण समजू नका. आधी सगळ्यांनी बाहेर उघड्यावर या, मग १०३ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, भिंतीला लावा. जमलं तर कोळशाचं घर घेऊच नका.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा बातारेयाला हात लावून बघा, खिडक्यांच्या फटीशी तळहात धरून वारा येतो का बघा, आणि शक्यतो सगळ्यात वरचा मजला व कोपऱ्याची खोली टाळा, त्या जास्त गार पडतात. वरच्या बाजूला छोटी झडप असलेली खिडकी, फोर्तच्का, असेल तर उत्तम. बातारेया कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे खोली फार तापते. मग हीच झडप दहा मिनिटं उघडायची.

## ५. बर्फात चालायला शिका

पहिलं बर्फ पडलं की सगळे फोटो काढतात. काढा, मीही काढले होते. ताजं बर्फ भुसभुशीत असतं, त्यावर पाय घसरत नाही. धोका दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. बिश्केकमध्ये दुपारी ऊन पडतं, बर्फ वितळतं, रात्री तेच पाणी गोठतं. सकाळी फुटपाथवर काचेसारखा पातळ थर असतो. रशियनमध्ये त्याला गलल्योद म्हणतात. तो काळ्या डांबरावर दिसतच नाही.

कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरलं की आपण कसं उतरतो? लहान पावलं, पाय सपाट टेकायचा, गुडघे थोडे वाकवलेले. तसंच चालायचं. हात खिशात घालू नका, पडताना तेच वाचवतात. म्हणून हातमोजे हवेतच. फोनवर बोलत चालू नका. आमच्या बॅचमध्ये पहिल्याच डिसेंबरात तीन मनगटं मोडली.

आणि अरिक. बिश्केकच्या रस्त्यांच्या कडेने झाडांना पाणी द्यायला उघडे पाट काढलेले आहेत, त्यांना अरिक म्हणतात. कोरड्या प्रदेशातलं हे शहर त्या पाटांमुळेच हिरवं आहे, उन्हाळ्यात त्यांच्या काठाने चालायला फार छान वाटतं. हिवाळ्यात मात्र ते बर्फाने भरून सपाट दिसतात. रस्ता ओलांडताना माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तळाशी पाणी होतं आणि होस्टेल वीस मिनिटांवर. बसथांब्यावरच्या एका वयस्क बाईंनी मला बाकावर बसवलं, बूट काढायला लावला, स्वतःच्या पिशवीतला कोरडा मोजा घालायला दिला आणि माझ्या उघड्या डोक्याकडे बोट दाखवून रागावल्या, "शापका! शापका!" शापका म्हणजे टोपी. इथल्या आज्या अनोळखी पोरांनाही टोपीवरून रागावतात, वाईट वाटून घेऊ नका. मान लववून "रहमत, अपा" म्हणा. रहमत म्हणजे आभार, आणि अपा आपल्या आई-आजीच्या वयाच्या बाईला म्हणतात. तेव्हापासून मी फरसबंदी दिसेल तिथूनच रस्ता ओलांडते आणि दप्तरात मोज्यांचा एक जोड ठेवते.

बाकी थोडक्यात:

- केस धुऊन ओल्या केसांनी बाहेर पडू नका, उणे पाचला ते कडक होतात.
- फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडते.
- बाहेरून आल्यावर गार पाय बातारेयावर टेकवू नका. बोटं लाल होतात, सुजतात, खाजतात आणि हे आठवडाभर पुरतं. मोजे बदला, कोमट पाण्यात धरा.
- बोट पांढरं-बधिर पडलं तर चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. कोमट पाणी आणि डॉक्टर.

डिसेंबरच्या शेवटी सूर्य साडेआठला उगवतो आणि साडेपाचला मावळतो. आठच्या लेक्चरला काळोखातच जायचं आहे. ज्या दिवशी दुपारी ऊन असेल त्या दिवशी अर्धा तास बाहेर चाला. अभ्यासामुळे खोलीतच बसून राहिलात तर फेब्रुवारीपर्यंत मन जड होतं, हे मी स्वतःच्या आणि बऱ्याच जुनियर्सच्या अनुभवावरून सांगते.

## ६. खोलीतला कोरडेपणा

आता त्या उशीवरच्या रक्ताचं कारण. उणे १० अंशांच्या हवेत, ती अगदी दमट असली तरी, घनमीटरला अडीच ग्रॅमसुद्धा बाष्प मावत नाही. तीच हवा खिडकीच्या फटीतून आत येते आणि २२ अंशांना तापते. २२ अंशांची हवा १९ ग्रॅमपर्यंत बाष्प धरू शकते. म्हणजे तुमच्या खोलीतली आर्द्रता बारा-तेरा टक्क्यांवर येते. ही तहानलेली हवा मग पाणी जिथून मिळेल तिथून घेते: ओठ, नाक, डोळे, हातांची कातडी. कोकणातून आलेल्या मुलांना हे सगळ्यात जास्त जाणवतं.

यावर उपाय स्वस्त आहेत. रात्री बातारेयावर ओला टॉवेल टाका, सकाळपर्यंत कडकडीत वाळलेला असतो. धुतलेले कपडे खोलीतच वाळत घाला. झोपताना नाकपुडीत बोटाने थोडं व्हॅसलीन लावा. अंघोळ फार कढत पाण्याने करू नका आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा. तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, बाटली टेबलावर समोर ठेवा.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकू नका, आपल्याकडे सगळे तसंच सांगतात. पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, दहा मिनिटं सोडू नका, तोंडाने श्वास घ्या. वीस-पंचवीस मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो, लोकरी टोपी काढली की केस उभे राहतात. तेही कोरडेपणामुळेच, घाबरायचं कारण नाही.

## ७. धुराचे दिवस

हे एजंट सांगत नाहीत. हिवाळ्यात बिश्केकची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये गणली जाते.

कारण पुन्हा डोंगर आणि हवामानच. शहर चुई खोऱ्यात आहे, दक्षिणेला डोंगराची भिंत. हिवाळ्यात वारा पडलेला असतो. गार, जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. खाली हजारो घरांतला कोळसा, उष्णता केंद्राचा धूर, जुन्या गाड्या. धूर वर जाऊ शकत नाही. संध्याकाळी सहानंतर कोळशाचा वास घशात जाणवतो. अशाच दिवशी शहराच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या अला-अर्चा राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर थोडं वर चढा, वर लख्ख ऊन असतं आणि खाली शहरावर तपकिरी साय धरलेली दिसते.

फोनवर हवेच्या गुणवत्तेचं ॲप घ्या आणि तापमानाच्या आधी ते बघा. पी.एम. २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा वाईट असेल तर धावायला जाऊ नका, फोर्तच्का दुपारी उघडा, रात्री नको. साध्या कापडी मास्कचा उपयोग नाही, एन-९५ घरून आणा. दमा असेल तर इथे येण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. इनहेलर जादा आणा आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी ठेवा.

## ८. मार्च ते ऑगस्ट

वसंत इथे सुंदर आणि बेभरवशाचा. एप्रिलमध्ये जर्दाळूला फुलं आलेली असताना त्यावर बर्फ पडलेलं मी पाहिलं आहे. पुखोविक मे महिन्यापर्यंत बांधून ठेवू नका. याच दिवसांत वरचं बर्फ वितळतं, पाऊस पडतो आणि डोंगराच्या ओढ्यांतून चिखल-दगडांचा लोंढा येतो, त्याला सेल म्हणतात. ओढ्याच्या पात्रात तंबू लावायचा नाही, बसून डबाही खायचा नाही.

उन्हाळा आपल्या विदर्भातल्या मुलांना घरचाच वाटेल. ३८ अंश, पण घाम लगेच वाळतो म्हणून त्रास कमी जाणवतो, आणि तिथेच फसायला होतं. पाणी पीत राहा.

## ९. डोंगरात जाताना

इस्सिक-कुलला सगळे जातात, जाच. नावाचा अर्थ 'उष्ण सरोवर', कारण किंचित खारं आणि सुमारे ६६८ मीटर खोल असल्यामुळे ते हिवाळ्यातही गोठत नाही. त्याच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,६०७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही सरोवरात पोहत असता तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा जेमतेम ३९ मीटर खाली असता. ऊन तिथे फार कडक लागतं, सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका. बालिक्चीच्या बाजूचा वारा टोपी उडवून नेतो.

सोंग-कुल सरोवर ३,००० मीटरच्या वर आहे. जून ते सप्टेंबर मेंढपाळ तिथल्या कुरणांवर, जाइलूवर, युर्ता म्हणजे नमद्याचे गोल तंबू टाकून राहतात. जुलैतही रात्री शून्याच्या आसपास जातं, बर्फही पडू शकतं. बिश्केकहून थेट तिथे रात्रीच्या मुक्कामाला गेलात तर डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. वाटेत एक रात्र कमी उंचीवर काढा. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही. श्वास लागला किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

हिवाळ्यात बिश्केक-ओश रस्त्याने जाणं मी टाळते. तो तू-अशू आणि अला-बेल या ३,००० मीटरवरच्या खिंडींतून जातो, हिमस्खलनाने तासन् तास बंद पडतो. विमान तासाभराच्या आत पोचवतं. टॅक्सीनेच जायचं असेल तर दिवसा निघा आणि पूर्ण थंडीचे कपडे अंगावर असू द्या, डिकीत नकोत.

चीनच्या सरहद्दीजवळच्या भागांसाठी, उदाहरणार्थ केल-सू सरोवरासाठी, सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. तो आधी काढावा लागतो, वाटेत मिळत नाही.

## १०. बॅग भरताना ही यादी समोर ठेवा

कागद:
- पासपोर्ट आणि व्हिसाच्या तीन-तीन प्रती, एक फोनमध्ये
- आरोग्य विम्याचे कागद
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, शक्य तर टाइप केलेली
- चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद आणि एक जादा चष्मा. बाहेरून आत आल्यावर काचांवर वाफ धरते, पुसताना चष्मे पडतात.

वस्तू:
- थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे चार
- कानटोपी, शक्यतो घरची विणलेली
- प्रेशर कुकर, रिंगा
- गरम पाण्याची पिशवी
- एन-९५ मास्क, व्हॅसलीन, ओठांचा बाम, सनस्क्रीन
- थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, मिळालं तर

फोनमध्ये आजच टाकून ठेवा: रुग्णवाहिका १०३, आपत्ती आणि डोंगरातली सुटका ११२.

आणि खोबरेल तेल नक्की आणा, पण अरुंद तोंडाच्या बाटलीत नको. ते २४ अंशांच्या खाली घट्ट होतं आणि इथे ऑक्टोबर ते एप्रिल घट्टच राहतं. रुंद तोंडाच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा, म्हणजे चमच्याने काढता येईल.